कोंबड्यांच्या पिसांचा हिशेब ठेवणारा माणूस : विल्यम बेटसन

थोरामोठ्यांची चरित्रे म्हटली की आपल्या वार्षिकांकात देशभक्त, संत आणि साहित्यिक यांची पाने ठरलेली असतात. त्या सर्वांविषयी मला आदर आहे. परंतु यंदा मी ज्या गृहस्थांविषयी लिहिणार आहे, त्यांनी ना तुरुंगवास भोगला, ना अभंग रचले. त्यांनी कोंबड्या पाळल्या. केंब्रिजसारख्या जगप्रसिद्ध विद्यापीठाच्या दाराशी राहून, लोकांचे हसे सोसून, त्यांनी वर्षानुवर्षे अंडी उबवली आणि निघालेल्या प्रत्येक पिल्लाचा रंग, तुरा आणि पायाची बोटे वहीत लिहून ठेवली. त्यांचे नाव विल्यम बेटसन. ज्या शास्त्राला आपण आज आनुवंशिकी म्हणतो, त्याचे इंग्रजी नावदेखील त्यांनीच ठेवले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या अंगणातच आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत कोणत्याही खेड्यात जा; घरामागे पाचदहा गावठी कोंबड्या उकिरडा उकरताना दिसतीलच. एक काळी, एक तांबडी, एक काबरी, एखादी राखी, एखादी मानेला सोनेरी आणि अंगाला तपकिरी. शहरातील माणसाला हा नुसता गोंधळ वाटतो. पण ज्या घरात आठवड्याचे मीठमिरची कोंबडी विकून येते, तेथे रंगाला किंमत असते. नवसाला अमुकच रंगाचा कोंबडा लागतो आणि त्या रंगासाठी बाजारात चार पैसे जास्त मिळतात. म्हणून आमच्या आयाबाया अंडी कोणत्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची आणि गावातला कोणता कोंबडा अंगणात येऊ द्यायचा, याचा विचार करतात. आणि तरीही दरवेळी फसगत होते. काळ्या कोंबडीला काळा कोंबडा लाभूनही एखादे पिल्लू भलत्याच रंगाचे निघते. मग ते मागच्या कोणत्या तरी पिढीवर गेले, असे म्हणून विषय संपतो. माझी आईही असेच म्हणते. मागच्या पिढीवर गेले म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न बेटसन यांनी आयुष्यभर सोडवला.

बेटसन यांचा जन्म ८ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख होते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांसारखे घरातले पहिलेच कॉलेजात गेलेले ते नव्हते. विद्या त्यांच्या घरी पाणी भरत होती. असे असूनही रग्बीच्या नामांकित शाळेत हा मुलगा मागेच पडला. शिक्षकांना त्याच्याकडून काही आशा नव्हती. गणिताशी त्याचे शेवटपर्यंत जमले नाही आणि पुढे हे गणितच त्यांच्या वैऱ्यांचे हत्यार झाले. पण कॉलेजात आल्यावर प्राणिशास्त्रात त्यांनी १८८३ साली पहिला वर्ग मिळवला. वर्गात मागे असलेल्या मित्रांनी हे वाचून फार हुरळून जाऊ नये. मागे पडूनही केंब्रिजचे दार उघडे राहणे हा त्यांच्या घराण्याचा लाभ होता, हेही तितकेच खरे आहे.

पुढची काही वर्षे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत जाऊन त्यांनी बॅलॅनोग्लॉसस नावाच्या समुद्री किड्याचा अभ्यास केला आणि त्याचे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशी नाते आहे असे दाखवले. लहान वयात नाव झाले. दुसरा कोणी असता तर त्याच वाटेने पुढे गेला असता. बेटसन यांना मात्र त्या कामाचा कंटाळा आला. मेलेल्या भ्रूणांचे काप पाहून लाखो वर्षांपूर्वी काय घडले असेल याच्या कल्पना लढवण्यापेक्षा, जिवंत प्राण्यांत आज फरक कसा उत्पन्न होतो हे पाहावे असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी १८८६ साली ते मध्य आशियातील गवताळ प्रदेशात, अरल समुद्राच्या बाजूला, खाऱ्या तळ्यांतील जीव पाहत भटकले. पाण्याचा खारटपणा बदलला की जीवही त्याप्रमाणे बदलत जातात का, हे त्यांना पाहायचे होते. अपेक्षेप्रमाणे पुरावा मिळाला नाही. १८९४ साली त्यांनी प्राण्यांतील फरकांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. फरक हा नेहमी तीळतीळ वाढत नाही, तो एकदम उडी मारूनही येतो, असे त्यात होते. डार्विनच्या अनुयायांना हे रुचले नाही.

पोटापाण्याचे म्हणाल तर कायमची, नावाजलेली जागा त्यांना बरीच वर्षे मिळाली नाही. आपल्याच कॉलेजात १८९२ पासून ते स्वयंपाकघर आणि कोठार यांची व्यवस्था पाहत होते. मटणाचे आणि भाजीचे हिशेब तपासणारा हा माणूस फावल्या वेळात सृष्टीचे गूढ उकलत होता! बिॲट्रिस डरहॅम यांच्याशी ठरलेले लग्न मध्यंतरी मोडले होते. काही वर्षांनी ते पुन्हा जुळले आणि १८९६ साली पार पडले. हे जुळले नसते तर या लेखाला विषयच उरला नसता, असे मला वाटते. कारण ग्रँटचेस्टर या खेड्यातील त्यांच्या घरी जो कोंबड्यांचा आणि झाडांचा संसार उभा राहिला, त्यात बिॲट्रिसबाई पतीच्या बरोबरीने राबत होत्या. पिल्ले मोजणे, नोंदी ठेवणे, बिया गोळा करणे ही कामे त्या करीत.

कोंबडीच का? एक तर ती स्वस्त. दुसरे, एका वर्षात पिढी पुरी होते. तिसरे आणि मुख्य कारण असे की, कोंबड्यांत माणसाने शेकडो वर्षे निवड करून इतके ठळक फरक साठवले आहेत की डोळ्यांनीच ते मोजता येतात. तुरा एकेरी आहे की वाटाण्यासारखा तीन ओळींचा बुटका, पिसे पांढरी की रंगीत, पाय पिवळे की पांढरे, बोटे चार की पाच. बेटसन यांनी सुरुवातीच्या संकरात एका बाजूला पांढरा लेगहॉर्न घेतला आणि दुसऱ्या बाजूला घेतली इंडियन गेम नावाची जात. नावाप्रमाणेच तिच्या अंगात हिंदुस्थानचे रक्त आहे. आपल्याकडे झुंजीसाठी असील कोंबडा पाळतात. तो इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात नेऊन तेथील कोंबड्यांशी मिसळला आणि त्यातून ही जात झाली. आजच्या ब्रॉयलर कोंबडीच्या पूर्वजांतही तिचे नाव येते. तेव्हा या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्याकडच्या कोंबड्यानेही एक दगड ठेवला, असे म्हणायला हरकत नाही.

हे प्रयोग मेंडेलचे नाव त्यांना कळण्यापूर्वीच सुरू झाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेंडेल या ऑस्ट्रियातील धर्मगुरूने वाटाण्यावर केलेले प्रयोग आपण शाळेत शिकलो. त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि चौतीस वर्षे धूळ खात पडला. १९०० साली युरोपातील संशोधकांनी तो पुन्हा वर काढला. त्या वर्षी मे महिन्यात बेटसन आगगाडीने लंडनला व्याख्यान द्यायला निघाले होते, गाडीतच त्यांनी मेंडेलचा निबंध वाचला आणि व्याख्यान तेथल्या तेथे बदलले, अशी हकिकत त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात आहे. गाडीत वाचला तो मेंडेलचाच निबंध होता की त्याविषयी दुसऱ्याने लिहिलेला, यावर अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. ते काही असो. कोंबड्यांच्या वह्यांत जे आकडे निरर्थक पडून होते, त्यांना अचानक अर्थ आला हे निश्चित. मेंडेलचा नियम वाटाण्यालाच नव्हे तर प्राण्यांनाही लागू पडतो, हे त्यांनी व एडिथ साँडर्स यांनी रॉयल सोसायटीला सादर केलेल्या व १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कोंबड्यांच्या आधारे दाखवले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्युएनो यांनी उंदरांच्या रंगावरून हेच दाखवले होते.

आता रंगाकडे वळतो, कारण खरी गंमत तेथे आहे.

पांढरा लेगहॉर्न आणि रंगीत कोंबडी यांची पिल्ले जवळजवळ सगळी पांढरी निघतात. फार तर एखाददुसरा काळा ठिपका. पाहणाऱ्याला वाटते, रंग बुडाला. पण याच पांढऱ्या पिल्लांचा आपसांत वंश वाढवला तर पुढच्या पिढीत चारांत सुमारे एक पिल्लू रंगीत निघते. म्हणजे रंग बुडाला नव्हता, दबला होता. पांढरेपणा येथे प्रभावी आहे. येथपर्यंत सोपे झाले. परंतु सिल्की नावाची, कापसासारख्या पिसांची पांढरी कोंबडी घेऊन पाहिले तर उलटाच प्रकार! सिल्की आणि रंगीत कोंबडा यांची पिल्ले सगळी रंगीत आणि पांढरेपणाच दबलेला. डोळ्यांना दोन्ही कोंबड्या पांढऱ्याच दिसतात, पण एकीचा पांढरेपणा दुसरीच्या पांढरेपणाहून वेगळा. आजच्या ज्ञानाप्रमाणे सांगायचे तर लेगहॉर्नमध्ये काळा रंग बनण्याच्या कामात अडथळा येतो, आणि सिल्कीसारख्या पांढरेपणात रंग तयार करणारे मूळ यंत्रच पिसांपुरते बंद पडलेले असते. बेटसन यांना यातली रसायने ठाऊक नव्हती. पिल्ले मोजून ते येथपर्यंत आले होते. दोन पांढऱ्या फुलांच्या वाटाणावेलींचा संकर करून सगळी जांभळी फुले आलेली त्यांनी पाहिली होती. पुढच्या पिढीत सोळांत नऊ रंगीत आणि सात पांढरी, असा हिशेब बसला. एका रंगासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि दोहोंपैकी एक नसली तरी रंग येत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. दोन काळ्या कोंबड्यांत तांबडे किंवा दोन पांढऱ्यांत रंगीत पिल्लू कसे येते, याचा उलगडा असा हळूहळू होत गेला.

सर्वांत सुंदर हकिकत अँडालुशियन नावाच्या निळसर राखी कोंबडीची आहे. इंग्लंडमधील हौशी लोक तिच्या रंगासाठी वेडे होते. प्रदर्शनात बक्षिसे लागत. पण राखी कोंबडा आणि राखी कोंबडी कितीही पिढ्या एकत्र ठेवा, निम्मीच पिल्ले राखी निघत. पावभर काळी आणि पावभर मळकट पांढरी, ठिपक्यांची. लोक ही काळी-पांढरी पिल्ले भेसळ समजून काढून टाकत आणि अधिकाधिक शुद्ध राखी जोड्या निवडत. तरी पुढच्या खेपेला पुन्हा तेच. बेटसन आणि त्यांचे तरुण सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी दाखवले की शुद्ध राखी अशी वस्तूच नाही. राखी म्हणजे काळ्याचा एक आणि पांढऱ्याचा एक असे दोन वाटे एकत्र आलेला पक्षी. त्याला शुद्ध करता येणारच नाही, कारण तो मुळात मिश्र आहे. सगळीच पिल्ले राखी हवी असतील तर ज्यांना भेसळ म्हणून फेकले त्याच काळ्या कोंबडीला त्याच पांढऱ्या कोंबड्याशी जोडा. शंभर अंड्यांतून शंभर राखी पिल्ले मिळतील!

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या भाषेत कोंबडीच्या वंशालाही जात म्हणतात आणि माणसाच्या जन्मालाही जातच म्हणतात. शुद्ध हा शब्दही दोन्हीकडे सारखाच वापरला जातो. बेटसन यांच्यापूर्वी पक्षी शुद्ध आहे की नाही हे त्याच्या वाडवडिलांच्या यादीवरून ठरत असे. दहा पिढ्यांची वंशावळ म्हणजे दहा पिढ्यांची शुद्धता. मेंडेलच्या नियमाने ही कल्पना मोडीत काढली. सिल्कीचा आणि रंगीत कोंबड्याचा संकर केला, त्या संकरित पिल्लांपासून पुढे जे पांढरे पिल्लू निघाले, त्याचे आईबाप दोघेही रंगीत व मिश्र होते. तरी ते पिल्लू पांढरेपणापुरते, पिढ्यान् पिढ्या पांढऱ्या राहिलेल्या पक्ष्याइतकेच शुद्ध असते. त्याच्या पोटी येणारी संतती, त्याच्यासारख्याच पक्ष्याशी जोडल्यास, पांढरीच. त्याचे आजोबा कोण होते याला तेथे काही किंमत नाही. ही गोष्ट बेटसन यांनी पुन्हा पुन्हा आग्रहाने मांडली. ती मी जेव्हा प्रथम समजून घेतली, तेव्हा रात्री बराच वेळ जागा होतो. ज्या घरात माझ्यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्या घरातल्या मुलाला वंशावळीची मातबरी संपली हे ऐकून काय वाटते, हे सांगायला नको.

मात्र बेटसन यांना मी देव करणार नाही. कोंबड्यांच्या बाबतीत इतके स्वच्छ पाहणारा हा माणूस माणसांविषयी बोलू लागला की समाजातील वरच्या-खालच्या थरांचा भेद पुष्कळसा जन्मजात आहे, अशा बाजूला झुकत असे. वंशसुधारणेच्या चळवळीपासून ते स्वतः दूर राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण उमरावाच्या मुलाला मिळालेली शाळा आणि मजुराच्या मुलाला न मिळालेली शाळा यांचा हिशेब त्यांनी आपल्या वहीत धरला नाही. पिल्लांना मात्र ते सारखेच दाणे घालत असत.

बायकांच्या बाबतीत त्यांचे वागणे अधिक उजळ होते. केंब्रिजमध्ये त्या काळी मुलींना वर्गात बसू देत, परीक्षा देऊ देत, पण पदवी देत नसत. ती १९४८ साली मिळू लागली. प्रयोगशाळांत त्यांना जागा नाही, नोकऱ्या नाहीत. अशा न्यूनहॅम कॉलेजच्या अनेक विदुषी बेटसन यांच्याबरोबर काम करू लागल्या. एडिथ साँडर्स यांचे नाव वर आलेच आहे. बिॲट्रिसबाईंच्या भगिनी फ्लोरेन्स डरहॅम यांनी उंदीर आणि कॅनरी पक्षी यांचा रंग अभ्यासला. म्यूरिअल व्हेल्डेल यांनी फुलांच्या रंगाचे रसायन शोधले. बेटसन यांना अशा सहकाऱ्यांची गरज होती हे तर खरेच, कारण विद्यापीठातील प्रतिष्ठित पुरुष मंडळी या नव्या विषयाकडे फिरकत नव्हती. ज्यांना दुसरीकडे दार बंद होते त्या येथे आल्या आणि एका नव्या शास्त्राच्या पहिल्या पानांवर त्यांची नावे लागली. पैशाची चणचण असताना ज्यांनी मदत केली त्याही एक बाईच होत्या, चित्रकार क्रिस्तियाना हेरिंगहॅम. हे नाव महाराष्ट्राला परके नाही. याच बाईंनी पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत तंबू ठोकून भित्तिचित्रांच्या नकला उतरवल्या आणि त्या कामात नंदलाल बोस त्यांच्या मदतीला होते.

विरोधही थोडाथोडका झाला नाही. विरोधकांचे पुढारी होते रॅफेल वेल्डन. दुःखाची गोष्ट अशी की हे वेल्डन बेटसन यांचे कॉलेजातील जिवलग मित्र. अमेरिकेला जाण्याची वाट त्यांनीच दाखवली होती. वेल्डन आणि कार्ल पिअर्सन यांचा भर गणितावर होता. फरक हे तीळतीळ असतात आणि त्यांचे सरासरीने मोजमाप करावे, असे त्यांचे म्हणणे. बेटसन यांचे गणित कच्चे, पण पिल्लांची नजर पक्की. १९०२ साली त्यांनी मेंडेलच्या बचावासाठी एक पुस्तक लिहिले आणि त्यात मित्राची गय केली नाही. १९०४ साली केंब्रिजच्या भरसभेत दोघांची खडाजंगी झाली. १९०६ साली वेल्डन न्यूमोनियाने अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत ते शर्यतीच्या घोड्यांच्या रंगाच्या नोंदी चाळत होते. म्हणजे दोघे मित्र भांडतही होते ते रंगावरूनच. या मृत्यूने बेटसन हादरले. आपल्याला जागे करणारा माणूस हाच होता, अशी कबुली त्यांनी पत्नीला लिहिलेल्या पत्रात दिली आहे. पुढे काही वर्षांनी गणितज्ञांनीच दाखवले की दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात मुळात विरोध नव्हता. हे तेव्हाच कळले असते तर!

त्याच वर्षी, १९०६ साली, लंडनच्या संकरविषयक परिषदेत बेटसन यांनी या शास्त्राला जेनेटिक्स हे नाव सुचवले. १९०८ साली ते केंब्रिजला जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९१० साली मर्टन येथील जॉन इन्स संस्थेचे पहिले संचालक. १९१० सालीच त्यांनी व पनेट यांनी एक नियतकालिक काढले, त्याविषयी पुढे येईल. कोंबड्यांचे काम केंब्रिजला पनेट यांनी चालू ठेवले. त्यांनी आखलेला चौकटींचा तक्ता आज शाळेच्या पुस्तकात असतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात धान्याची टंचाई झाली, तेव्हा पनेट यांनी एक व्यवहारी युक्ती सुचवली. काही रंग असे असतात की बाप सोनेरी आणि आई रुपेरी घेतली तर मुलगे रुपेरी आणि मुली सोनेरी होतात. म्हणजे अंड्यातून बाहेर पडल्याबरोबर लवेच्या रंगावरून नरमादी कळते आणि अंडी न देणाऱ्या नरांना दाणा घालण्याचा खर्च वाचतो. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या हॅचरीत हीच युक्ती आजही वापरतात.

एका बाबतीत मात्र बेटसन अडून बसले. गुण हे पेशीतील गुणसूत्रांवर बसलेले असतात, हे अमेरिकेत मॉर्गन यांनी माश्यांवर प्रयोग करून दाखवले. बेटसन ते वर्षानुवर्षे मानीत नव्हते. स्वतःच्या वाटाणावेलींत दोन गुण जोडीने जातात हे त्यांना १९०५ च्या सुमारास दिसले होते. त्याचे उत्तर गुणसूत्रात होते आणि तेच त्यांनी नाकारले. १९२१ च्या अखेरीस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी स्वतः पाहिले, तेव्हा पुष्कळ अंशी माघार घेतली. साठाव्या वर्षी समुद्र ओलांडून, प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभे राहून डोळ्यांनी पाहणे सोपे नव्हते.

घरात तर त्यांच्यावर आकाश कोसळले होते. तीन मुलगे. थोरला जॉन १९१८ च्या ऑक्टोबरात, युद्ध संपायला महिना उरला असताना, रणांगणावर पडला. मधला मार्टिन कवी मनाचा. त्याने शास्त्रज्ञ व्हावे असा वडिलांचा आग्रह होता. १९२२ च्या एप्रिलमध्ये, नेमक्या जॉनच्या वाढदिवशी, त्याने लंडनच्या भर चौकात आत्महत्या केली. मुलाच्या अंगात काय येते याचा जगाला नियम सांगणाऱ्या बापाला आपल्या मुलाच्या मनात काय चालले आहे ते कळले नाही. याहून अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही. धाकट्याचे नाव ग्रेगरी; मेंडेलवरून ठेवलेले. तो पुढे मोठा मानववंशशास्त्रज्ञ झाला. त्याच १९२२ साली बेटसन यांना सर ही पदवी देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

बेटसन यांचे नियतकालिक मात्र हिंदी झाले. जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, येथले नागरिक झाले, आणि येताना हे जर्नल ऑफ जेनेटिक्स बरोबर घेऊन आले. १९६४ साली भुवनेश्वरला ते वारले. १९८५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी ते प्रसिद्ध करीत आली आहे. त्याच्या पहिल्याच खंडात, १९११ साली, बेटसन व पनेट यांचा सिल्कीच्या काळ्या कातडीवरचा निबंध आहे. सिल्कीची पिसे पांढरी, पण कातडी, हाडे, मांस काळे. आपण असा पक्षी पाहिलेला आहे. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाही काळेपणा त्याच जातीचा आहे, असे अलीकडच्या जनुकांच्या अभ्यासावरून दिसते.

आमच्या जिल्ह्यातही काही जण महागाचा एकच कडकनाथ कोंबडा आणून गावठी कोंबड्यांत सोडतात आणि नंतर फसवणूक झाली म्हणून विकणाऱ्याला शिव्या घालतात. १९११ च्या त्या निबंधातले उत्तर असे : काळ्या कातडीचा कोंबडा आणि उजळ पायांची कोंबडी यांच्या पोटी तलंगा गडद काळ्या कातडीच्या होतात आणि कोंबडे मात्र फिके निघतात, कारण काळेपणा दाबणारा गुण आई फक्त आपल्या मुलग्यांना देते. तोच संकर उलटा केला, म्हणजे कोंबडी काळ्या कातडीची आणि कोंबडा उजळ घेतला, तर मुलगे-मुली सगळेच फिके. तेव्हा कडकनाथाचा एकच पक्षी आणणे परवडत असेल तर तो कोंबडा असावा, कोंबडी नव्हे. आणि पिल्ले मोठी झाल्यावर पुढच्या वंशासाठी तलंगाच ठेवाव्यात, कोंबडे बाजारात न्यावेत.